सगळ्या गावाचं एकच अक्षर

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे त्यांचं नाव इंदुमती नागवेकर. रत्नागिरीच्या उत्तरेला, आरे-वाऱ्याच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात त्यांनी एकतीस वर्षं शाळा चालवली. 'चालवली' असंच म्हणायला हवं, कारण कागदावर शिक्षक दोन असले तरी दुसरा नेहमी बदलीच्या खटपटीत असे. नागवेकर बाई तिथेच असत. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा वारला, मूलबाळ नाही, आणि घर शाळेच्या पाठीमागेच. गावाचं नाव मी देत नाही. बाईंचं देतो आहे, त्याचं कारण पुढे येईल.

माझे वडील दुसऱ्याच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत राखणदार होते. सातवी झाल्यावर मला राखणीला घालायचं त्यांनी ठरवलं होतं. बाई आमच्या अंगणात आल्या, बसल्याही नाहीत.

"दत्ताराम, वानर हाकलायला कोणीही मिळेल. सदा मला दे."

"न्या बाई," वडील म्हणाले, "पण परत आणून द्या."

बाईंनी मला परत आणून दिलं नाही. रत्नागिरीत आपल्या भावाच्या घरी ठेवलं, हायस्कुलात घातलं, कॉलेजचा फॉर्म स्वतः भरला. आमच्या घराण्यात बी. ए. झालेला मी पहिला. निकालाच्या दिवशी वडिलांना माझं गुणपत्रक वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते बाईंकडे नेलं आणि बाईंनी त्यांना ते दोनदा वाचून दाखवलं.

पुढे मी शिक्षक झालो आणि मग खात्याची परीक्षा देऊन विस्तार अधिकारी. हे पद म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. तालुक्यातल्या शाळा तपासायच्या, हजेरीपट बघायचे, मुलांना पाढे विचारायचे, गुरुजींचं पाठाचं टाचण बघून सही करायची. हे झालं नेमणुकीच्या कागदावरचं. प्रत्यक्षात ऐंशी सालानंतरची पाच-सहा वर्षं माझा निम्मा वेळ निनावी अर्जांत गेला. आमच्याकडे भांडण अंगावर येत नाही, कागदावर येतं. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं अबोला असेल, पण हात उचलायचा नाही. त्याच्याविरुद्ध अर्ज करायचा. आणि शेजारी शिक्षक असेल तर तो अर्ज फिरत फिरत माझ्या टेबलावर यायचा.

एका गृहस्थाने एका गुरुजींविरुद्ध 'एक हितचिंतक' या नावाने चार पानी अर्ज केला होता. अर्ज पोचल्याची खात्री हवी म्हणून त्याने तो रजिस्टर पोस्टाने, पोचपावती जोडून पाठवला. पोचपावतीच्या कार्डावर त्याचं स्वतःचं नाव, वाडी आणि पत्ता सुवाच्य अक्षरात होता. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो खरोखरच चकित झाला.

"साहेब, तुम्हाला कसं कळलं?"

"पोचपावतीवरून."

"पण ती पोस्टाची होती," तो म्हणाला, "अर्जाची नाय."

तपासाची माझी एक रीत होती. अर्जात काय लिहिलं आहे, हे मी शेवटी वाचत असे. आधी शोधायचो की ज्याच्यावर अर्ज आहे त्याचं गेल्या सहा महिन्यांत चांगलं काय झालं. वाईट गुरुजीविरुद्ध सहसा अर्ज येत नाही. उशिरा येणारा, वर्गात पेंगणारा गुरुजी गावाला चालतो. त्याच्यामुळे कोणालाच आपण कमी आहोत असं वाटत नाही. अर्ज येतो तो ज्याने घराला चिऱ्याचा नवा गडगा घातला त्याच्यावर, ज्याच्या मुलीचं मुंबईत चांगल्या घरी जमलं त्याच्यावर, ज्याचा निकाल वर गेला त्याच्यावर. त्यानंतर मी अर्जातली अशी एक गोष्ट शोधायचो, जी लिहिणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार नाही. ती बहुतेक वेळा असतेच. माणूस नाव लपवतो, पण आपल्याला किती माहिती आहे हे दाखवायचा मोह त्याला आवरत नाही.

या कामाने माझा स्वभाव बिघडला. कोणी चहा पुढे केला की याला काय लपवायचं आहे, आणि नाही केला की याला कशाचा राग आहे, असं मनात यायचं. माझी बायको एकदा म्हणाली, "लग्नाची पत्रिका आली तरी तुम्ही आधी पाकिटावरचा शिक्का बघता. निदान नवरी कोण ते तरी बघा."

अशात एके दिवशी आमच्याच गावच्या शाळेबद्दल अर्ज आला. बाईंना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांच्या जागी शैला कदम नावाच्या शिक्षिका आल्या होत्या. वय सव्वीस-सत्तावीस, माहेर खेडच्या बाजूचं, नवरा मुंबईत गिरणीत. त्या गावात खोली घेऊन एकट्या राहत. अर्जात लिहिलं होतं की सदर शिक्षिका शाळा सुटल्यावर समोरचं दार आतून बंद करून घेतात, बोटीवर नोकरी करणारे मयेकर नावाचे गृहस्थ रोज 'मागील दाराने' आत जातात, आणि त्या गृहस्थांनी परदेशातून आणलेली एक महाग वस्तू शिक्षिकेने स्वीकारली आहे. मयेकर कोणत्या दिवशी किती वाजता आत गेले, त्याची आठवडाभराची नोंद होती. सोमवार पाच वीस, मंगळवार पाच पंचवीस, अशी.

माझ्या वरच्या साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "पाडावे, गाव तुमचंच. आतली माहिती तुम्हालाच मिळेल."

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. ज्या गावात आपण वाढलो तिथे चौकशीला जाऊ नये, एवढं मला कळत होतं. पण आपल्या गावात साहेब म्हणून जायचं, याचाही एक मोह असतो.

अर्जाचं अक्षर मी पाहताक्षणी ओळखलं. गोल, जरा उजवीकडे झुकलेलं, शिरोरेषा एका दमात ओढलेली. ते नागवेकर बाईंचं अक्षर होतं. पण त्याने काही सिद्ध होत नव्हतं, कारण त्या गावात लिहिता येणाऱ्या प्रत्येकाचं अक्षर बाईंचंच होतं. एकतीस वर्षं त्यांनी कित्ता गिरवून घेतला होता. दुकानाच्या पाटीवर तेच अक्षर, देवळातल्या वर्गणीच्या यादीवर तेच, बोटीवरून येणाऱ्या पत्रांवरही तेच. माझ्या नोकरीतल्या प्रत्येक अहवालावरही तेच आहे. असं गाव मी दुसरं पाहिलं नाही. हस्ताक्षर हा निनावी अर्जातला पहिला धागा. इथे तो हातात धरताच अख्खं गाव ओढलं जात होतं.

गावात मी पहिल्यांदा शिरलो तो सोनू भाटकरच्या दुकानात. सोनूची मुलगी डी. एड. होऊन दोन वर्षं घरी बसली होती, हे मला ठाऊक होतं, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावर होता.

"बस रे सदा. म्हंजे बसा साहेब," तो म्हणाला. "मी काय बोलत नाय हां. माझ्या तोंडातून कोणाबद्दल वाईट निघायचा नाय."

"बरं."

"पण साहेब, शाळा सुटल्यावर शाळेचा दार बंद कशाला? आमच्या येळेला बाईंचा दार कधी बंद नव्हता. मी काय बोलत नाय. पण आपली पोरगी घरात असली तर माणूस इचार करतोच ना?"

"तुमची पोरगी शाळेत कुठे आहे?"

"नाय ना!" सोनू म्हणाला. "तेच तर!"

विहिरीवर बायका होत्या. त्यांनी अर्जाचा विषय मी काढायच्या आत काढला, म्हणजे चौकशीची बातमी माझ्या आधी तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आली होती. ती 'महाग वस्तू' म्हणजे पृथ्वीचा गोल होता. मयेकरांनी तो सुट्टीवर येताना शाळेसाठी आणला होता. बोटीवरचा माणूस घरी आला की वाडीत घरटी काहीतरी वाटतो, बहुतेक वेळा साबण. कोणाला काय मिळालं ते पुढच्या सुट्टीपर्यंत लक्षात ठेवलं जातं.

"आमच्या घरी साबणाची एक वडी," कळशी कमरेवर घेत एक म्हातारी म्हणाली, "आणि शाळेत अख्खी पृथवी! तुमीच सांगा सायबानू."

"तुझ्या घरी पृथवी दिली असती तर ठेवली असतीस खंय गो?" दुसरी म्हणाली.

"ठेवली असती उतरंडीवर. तुला काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि मनात प्रत्येकीच्या नावापुढे खूण करून ठेवली.

शाळेत शैलाबाई चौथीचा वर्ग घेत होत्या. गोल टेबलावर होता आणि एक मुलगी त्यावर रत्नागिरी शोधत होती. बाईंच्या काळात आम्ही भूगोल पपनसावर शिकलो. बाई पपनसावर शाईने अक्षांश-रेखांश काढत, मध्यातून विषुववृत्त, आणि तास संपला की पृथ्वी सोलून आम्हाला फोडी वाटत. मला ते सांगावंसं वाटलं, पण मी चौकशीला आलो होतो.

मुलांना बाहेर पाठवून मी त्यांना प्रश्न विचारले.

"दार बंद का असतं?"

"समोरून वारा येतो साहेब. वाळू वहीवर येऊन बसते. म्हणून पुढचं लावते, मागचं उघडं ठेवते. शिष्यवृत्तीचा जादा वर्ग असतो, नऊ मुलं असतात."

"मयेकर कशाला येतात?"

"त्यांचा मुलगा वर्गात आहे. त्यांचं गणित चांगलं आहे. मला अपूर्णांक शिकवताना अडतं, ते मदत करतात." त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. "मला अर्ज वाचायला मिळेल?"

"नियमात बसत नाही."

"मग मी उत्तर कशाला देते आहे, तेवढं तरी सांगा."

मी विषय बदलण्यासाठी भिंतीकडे पाहिलं. तिथे शिष्यवृत्ती मिळवलेल्या विद्यार्थ्यांचा लाकडी फलक होता. त्यावर किती तरी वर्षं एकच नाव होतं: सदानंद दत्ताराम पाडावे. आता फलक नव्याने रंगवला होता आणि माझ्या नावाखाली दोन नावं आली होती, एका मुलीचं आणि एका मुलाचं. दोघंही शैलाबाईंच्या पहिल्याच वर्षी पास झालेले.

"फलकात बदल करायची परवानगी कोणी दिली?" मी विचारलं.

त्या गोंधळल्या. "दोन नावं घातली, साहेब. तुमचं वरच ठेवलंय."

"ते विचारत नाही. लेखी परवानगी आहे का?"

"नाही."

मी वहीत लिहून घेतलं.

निघण्याआधी मी मागचं दार बघितलं. पाठीमागे उंच गडगा, त्याच्यापलीकडे माड. कोणत्या घरातून हे दार दिसेल म्हणून मी चारी बाजूंना पाहिलं. चढावरच्या एकाच घराची पडवी दिसत होती. ती कोणाची, हे मला विचारायची गरज नव्हती. संशय हा माझा धंदा होता, आणि तरीही त्या क्षणी मी मान वळवली आणि मयेकरांच्या घराकडे चालू लागलो.

मयेकर मुंबईला कंपनीच्या कामाला गेले होते. त्यांची बायको वनिता अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती.

"बसा. तुमी पयलेच," ती म्हणाली.

"पहिला म्हणजे?"

"सगळा गाव माझ्या नवऱ्याबद्दल बोलतोय. इचारायला माझ्याकडे कोण आला नाय. माझा नवरा, आणि माहिती सोनू भाटकराला!"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचाय? पाचाला त्यांना मीच घालवते. घरात बसले की चुलीत लाकडा कशी घालायची ते मला शिकवतात." ती हसली, मग गंभीर झाली. "साहेब, माझा पोर आता कोडी घालतो मला. त्या बाईला इथून हलवू नका."

आमच्या धंद्यात अशी साक्ष मिळाली की काम संपतं. मी वही मिटली. गावात आलोच आहे तर बाईंना भेटून जावं, म्हणून त्यांच्या घरी गेलो. खरं तर टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

बाई पडवीतच होत्या. पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, कोकम सरबत आणलं, घरच्यांची चौकशी केली. मग मी काही न विचारता त्यांनीच सुरुवात केली.

"मी काही बोलत नाही, सदा. निवृत्त माणसाने बोलू नये."

"हो बाई."

"मुलगी हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण हे नाच, गाणी, समुद्रावर नेणं, काय चाललंय? परवा मी पाढे म्हणून घ्यायला गेले, तर म्हणाली, बाई, आता परीक्षेचं चालू आहे, पुढच्या आठवड्यात या. मला! त्या शाळेत मला वेळ मागून जायचं!"

"तिला कळलं नसेल."

"आणि मुलं. पूर्वी जाता-येता इथे थांबायची. एकेकाचं तोंड बघून मी सांगायची, आज कोण जेवून आलं नाही. आता या अंगणातून पळत जातात रे. थांबत नाहीत."

बोलता बोलता त्या सरबताचा पेला आत ठेवायला उठल्या. त्यांची लाकडी खुर्ची जरा बाजूला सरकली आणि मी खाली पाहिलं. सारवलेल्या जमिनीत खुर्चीच्या चार पायांचे चार खळगे पडले होते. एका दिवसात तसे पडत नाहीत. बसणाऱ्याचं तोंड अंगणाकडे येईल अशी ती जागा नव्हती. तिथून, माडांच्या मधून, सरळ शाळेचं मागचं दार दिसत होतं. आणि आत, उघड्या खोलीत, भिंतीवर घड्याळ होतं.

बाई बाहेर आल्या तेव्हा मी उभाच होतो. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहवाल कधी देणार?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवसांत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुन्हा त्याच खळग्यांत बसवली.

आठ दिवस मी तो अहवाल लिहीत होतो. तक्रारीत तथ्य नाही, हे पहिलंच वाक्य लिहिलं, आणि ते खरं होतं. तिथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण साहेबांनी विचारलं असतं की तथ्य नाही तर अर्ज कोणी केला, का केला. गावात पुन्हा चौकशी झाली असती आणि कोणीतरी ती पडवी पाहिली असती. म्हणून मी पुढे लिहिलं: 'तथापि गावातील एकंदर वातावरण पाहता प्रशासकीय सोयीच्या दृष्टीने सदर शिक्षिकेची बदली करणे इष्ट वाटते. तसेच पूर्वपरवानगीशिवाय शाळेच्या फलकात बदल केल्याचे आढळले.'

बदली ही शिक्षा नव्हे, असं आमचे नियम सांगतात. गावाला नियम ठाऊक नसतात. पंधरवड्यात हुकूम निघाला, खेड तालुक्यातल्या आतल्या एका गावी. सोनू भाटकर म्हणाला, "बगा, कायतरी असणारच. उगीच कोणाची बदली होत नाय." खोटं म्हणून मी निकालात काढलेली गोष्ट माझ्याच सहीने खरी झाली.

त्यानंतर दीडेक वर्षाने खेडला एक शिबिर होतं. जेवणाच्या सुट्टीत तिथला एक अधिकारी हात धुता धुता मला म्हणाला, "पाडावे, तुमच्या तालुक्यातून एक कदमबाई पाठवलीत ना आमच्याकडे? तसली आहे म्हणतात. गावात खोलीसुद्धा द्यायला कोणी तयार नाही. रोज खेडहून एस. टी.ने येते, पुढे तीन मैल चालते. नवऱ्यानेही यायचं सोडलंय, असं ऐकलं."

"कोणी सांगितलं, तसली आहे म्हणून?"

"सगळेच म्हणतात. चौकशी झाली होती ना? तुम्हीच केली असेल."

मुंबईतल्या चाकरमान्यांकडून ती बातमी शैलाबाईंच्या आधी त्या गावात पोचली होती. त्या बातमीसोबत माझा अहवालही पोचला होता. अर्थात त्यातलं पहिलं वाक्य वगळून.

परत आल्यावर मी बाईंना पत्र लिहिलं. ते शेवटी देतो. आधी काय झालं ते सांगतो.

बाई आल्या. मी खेडला निघालो तेव्हा एस. टी. स्टँडवर त्या माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. त्या गावी रविवारी देवळात गावकी बसली होती. गावाचे निर्णय तिथेच व्हायचे. बाहेरच्या माणसाला खोली द्यायची की नाही, हेसुद्धा. आम्ही आधी निरोप पाठवून शैलाबाईंनाही बोलावून घेतलं होतं. बाई चौथऱ्याखाली उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलाव्या तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या:

"मी इंदुमती नागवेकर. या बाईंविरुद्ध अर्ज मी केला होता. तो खोटा होता. मुलं तिच्याकडे जायला लागली ते मला बघवलं नाही."

मग मी माझं सांगितलं.

गावकीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग साहेब, बदली कशापायी केलीत?"

शैलाबाईंनी आम्हाला पाणी दिलं. नागवेकर बाईंनी त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"तुम्ही आलात, ते बरं केलंत," शैलाबाई म्हणाल्या. "पण हे तिकडे सांगायला पाहिजे होतं. जिथे माझी मुलं होती तिथे. आणि माझ्या नवऱ्याला कोण सांगणार?"

नवऱ्याला मी पत्र घातलं, मग मुंबईला जाऊन भेटलोही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बघू." काही महिन्यांनी तो खेडला गेला, एवढं मला माहीत आहे. शैलाबाईंना त्या गावात खोली मिळाली. माझ्याविरुद्धची चौकशी मी स्वतःहून मागितली. एक वेतनवाढ थांबली, ते योग्यच झालं.

बाईंनी आमच्या गावातही सांगितलं, शाळेच्या सभेत, सगळ्यांसमोर. गावाने ते मानलं नाही. 'बाईंचं वय झालं,' 'सदाने दबाव आणला असणार,' 'त्या कदमबाईने दोघांना काय खायला घातलं कोण जाणे,' असं बोललं गेलं. खोट्याला एक निनावी कागद पुरला होता. खऱ्यासाठी बाई स्वतः सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या, तरी पुरलं नाही.

खेडहून परतताना एस. टी.त बाई म्हणाल्या होत्या, "पुढेमागे कधी लिहिलंस तर माझं नाव घालून लिही. निनावी खूप झालं." आज त्या नाहीत. म्हणून इतक्या वर्षांनी लिहितो आहे. पत्राची नक्कल माझ्याकडे होती. खात्यातल्या माणसाला नक्कल ठेवायची सवय असते.

*

रत्नागिरी,
सोमवार

ती. बाईंना,
सदाचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून तुम्हाला त्रास होईल. तरी पुरतं वाचावं.

कदमबाईंविरुद्ध आलेला अर्ज तुम्ही लिहिला, हे मला त्याच दिवशी तुमच्या पडवीत कळलं. तुम्हालाही मला कळल्याचं कळलं, असं मला वाटतं. आपण दोघेही काही बोललो नाही. मी गप्प राहिलो ते तुमचे उपकार स्मरून, अशी मी दीड वर्ष स्वतःची समजूत घातली. ती खरी नाही.

मी त्या दिवशी शाळेत फलक पाहिला. माझ्या नावाखाली दोन नावं होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी शिक्षण खात्यातला माणूस, शाळा माझी, मुलं माझ्या गावची. मला आनंद झाला नाही. मला वाटलं, इतकी वर्षं या भिंतीवर मी एकटा होतो. मी त्या बाईला परवानगी विचारली. तसा नियम आहे असं मी तेव्हा धरून चाललो होतो. काल नियमांचं पुस्तक काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. फलकाबद्दल त्यात एक ओळ नाही.

तेव्हा बाई, बदली तुमच्या अर्जाने झाली नाही. तुमचा अर्ज मी खोटा ठरवला होता. बदली माझ्या अहवालाने झाली, आणि तो लिहिताना माझ्या मनात तुमच्याइतकाच मीही होतो. लोकांच्या अर्जात मी वर्षानुवर्षं हेच शोधत आलो. माझ्या अहवालात मात्र शोधलं नाही.

कदमबाईंना आज खेडकडच्या त्या गावात कोणी खोली देत नाही. नवरा येत नाही. हे मी ऐकलेलं आहे, आणि ऐकलेल्यावर विश्वास ठेवू नये हे माझं काम आहे. म्हणून स्वतः जाऊन पाहणार आहे. येत्या रविवारी सकाळच्या खेड गाडीने निघतो. तिथली गावकी बसेल तेव्हा त्यांना मी काय केलं ते सांगणार आहे.

तुम्ही यावं, असं मी म्हणू शकत नाही. ज्यांनी माझ्या वडिलांकडून मला मागून नेलं, त्यांच्याकडे मी काही मागण्याच्या जागी नाही. पण मी स्टँडवर गाडी सुटेपर्यंत बाहेर उभा असेन. तुम्ही आला नाहीत, तर मी एकटा जाईन आणि फक्त माझं सांगेन. तुमचं सांगायचा अधिकार तुमचा आहे, तो मी घेणार नाही. खेडहून परत आल्यावर तुमच्याकडे येईन, पूर्वीसारखाच. त्यात बदल होणार नाही.

गाडी साडेसातची आहे. पहाटेच्या तरीने निघालात तर वेळेवर पोचाल. सोबत शाल असू द्या, खेडकडे सकाळी गारवा असतो.

आपला विद्यार्थी,
सदानंद दत्ताराम पाडावे